फायबर बेड्यापर्यंत आलं, पुढे काय? घराबाहेरचं कन्व्हर्टर, ओएनटी आणि डबा निवडताना

जुलैतली गोष्ट. नेट बंद पडलं म्हणून छत्री धरून मागच्या पडवीच्या भिंतीवरचा प्लॅस्टिकचा डबा उघडला, तर कपभर पाणी थेट पायावर. आत फायबर लॅनला जोडणाऱ्या मीडिया कन्व्हर्टरवर बुरशी, अडॅप्टरच्या पिनांना गंज, आणि कोपऱ्यात पालीची दोन पांढरी अंडी, अगदी कोरडी. पालीने जागा बरोबर निवडली होती, मी चुकीची. डब्याच्या झाकणावर ‘आयपी ६५’, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, असं ठळक छापलेलं होतं.

आमचं घर दापोली तालुक्यात. रस्त्यावरच्या खांबापासून बेड्यापर्यंत, म्हणजे आवाराच्या फाटकापर्यंत, फायबर आलं. तिथून घर १४० मीटर, आणि घरामागे आगरात जुना गोठा आहे, तो आणखी ९० मीटर. गोठ्याची आता खोली झाली आहे आणि मी तिथे बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करतो. या तीन ठिकाणांना जोडताना मी दोन पावसाळ्यांत तीन कन्व्हर्टर, एक राउटर आणि बरीचशी अब्रू घालवली. तुमचं वाचावं म्हणून हे लिहितोय. शहरात फ्लॅटमध्ये राहत असाल आणि डक्टमधून वायर थेट हॉलमध्ये येत असेल, तर यातलं फारसं तुमच्या कामाचं नाही. स्वतंत्र घर, वाडी, फार्महाउस, गच्चीवरची खोली किंवा फाटकावरचा कॅमेरा असेल तर वाचा.

१. यंत्र बाहेर लागणारच आहे का, ते आधी ठरवा

फायबर म्हणजे काच. ती भिजली तरी तिचं काही बिघडत नाही. भिजून मरतं ते काचेतल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र, म्हणजे ऑपरेटरचं ओएनटी किंवा मीडिया कन्व्हर्टर. म्हणून पहिला प्रयत्न हाच की काच घराच्या आतपर्यंत आणायची आणि यंत्र आत, पंख्याखाली, कोरड्या जागी ठेवायचं. ड्रॉप वायरचे, म्हणजे खांबापासून घरापर्यंत येणाऱ्या फायबरच्या वायरचे, शंभर मीटर जास्त लागले तर लागू देत. मीटरमागे जाणारे पैसे एका जळक्या ओएनटीपेक्षा कमीच असतात.

मग लोक यंत्र बाहेर का लावतात? कारणं ऐकण्यासारखी असतात. केबलवाल्याच्या गाडीत तेवढीच वायर शिल्लक असते. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीला भोक पाडायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. आणि मालक मुंबईत, घराला कुलूप, तेव्हा ‘बाहेर लावा, म्हणजे आमचा माणूस कधीही येऊन बघेल’ असं ऑपरेटरच सुचवतो. या तिसऱ्या कारणात थोडं तथ्य आहे. पण त्यावर उपाय म्हणजे बाहेर फक्त जोडाचा डबा ठेवणे. त्यात काच आणि काचच, विजेचं कनेक्शन नाही. तिथपर्यंत प्रकाश येतोय की नाही हे टेक्निशियनला बाहेरच्या बाहेर तपासता येतं. यंत्र कुलपाआड सुखात राहतं.

बाहेरचं यंत्र खरोखर लागतं ते अशा ठिकाणी: फाटकावरचा किंवा आगरातला कॅमेरा, गच्चीवरचं वायफाय, पंपाची खोली, पत्र्याची शेड. यांपैकी काही नसेल तर पुढचं फार मनावर घेऊ नका. आठवा मुद्दा तेवढा वाचा.

२. खरेदीआधी ऑपरेटरला पाच प्रश्न विचारा

मी आधी ऑनलाइन ऑर्डर दिली आणि मग विचारलं. उलटं करा.

पहिला प्रश्न, वायरवर काय चालतंय: जीपॉन, ईपॉन की साधी मीडिया कन्व्हर्टरची लिंक? पहिल्या दोन ‘पॉन’ पद्धती, म्हणजे एकच फायबर फांद्या फोडून अनेक घरांना द्यायची. जीपॉनमध्ये खाली येणारा वेग सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारा सुमारे १.२५ गिगाबिट असतो आणि तो एका फांदीवरच्या ३२, ६४ किंवा त्याहून जास्त घरांत वाटला जातो. ईपॉनमध्ये दोन्हीकडे सव्वा गिगाबिट. एकाचं यंत्र दुसऱ्यावर चालत नाही. बाजारात ‘एक्सपॉन’ नावाने मिळणारी यंत्रं बहुधा दोन्हींवर चालतात. यंत्राला कुणी ओएनटी म्हणतं, कुणी ओएनयू. दुकानात दोन्ही शब्दांना तेच हातात ठेवतात.

दुसरा, माझं स्वतःचं ओएनटी चालेल का? बऱ्याचदा उत्तर ‘नाही’ असतं, आणि ‘हो’ असलं तरी त्यांच्या बाजूच्या यंत्रात तुमच्या ओएनटीचा सीरियल नंबर किंवा मॅक पत्ता नोंदवावा लागतो. नुसतं वायर खोचून ते चालू होणार नाही. मी आणलेलं झकास ओएनटी याच कारणाने अजून कपाटात आहे.

तिसरा, ओएनटी ब्रिज मोडवर टाकून द्याल का, म्हणजे राउटरचं काम माझा राउटर करेल, आणि पीपीपीओईचं, म्हणजे नेटवर लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्ड मला द्याल का? हे कागदावर लिहून घ्या. फोनवर सांगितलेला पासवर्ड पावसात नेमका चुकतो.

चौथा, कनेक्टर हिरवा की निळा? यावर पुढे बोलू, पण उत्तर आत्ताच लिहून ठेवा.

पाचवा, माझ्या टोकाला प्रकाशाची पॉवर किती येते? ‘चांगली येते’ हे उत्तर नव्हे. आकडा घ्या.

कागदपत्रं सोपी आहेत: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मोबाइल नंबर. पण कोकणात एक गोची असते. घर सामाईक, वीजबिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. ऑपरेटर पत्त्याचा पुरावा म्हणून काय चालवून घेतो ते आधीच विचारून ठेवा. वायर शेजाऱ्यांच्या माडांवरून जाणार असेल तर त्यांच्याशीही आधी बोलून घ्या. आम्ही बोललो नव्हतो. त्यांच्या पाडेल्याने पहिल्याच आठवड्यात कोयत्याने वायर तोडली, आणि त्याची काहीच चूक नव्हती. विजेच्या खांबाला मात्र स्वतःच्या मनाने वायर बांधू नका. ती परवानगीची बाब आहे, आणि जिवाचीही.

३. यंत्राच्या तीन जाती

*ओएनटी.* ऑपरेटरची पॉन वायर यातच संपते. बहुतेक ओएनटी घरात ठेवण्यासाठीच बनवलेली असतात. मागच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात तापमान शून्य ते ४० किंवा ४५ अंश लिहिलेलं सापडेल. उन्हात टांगलेल्या डब्यातलं तापमान एप्रिलमध्ये याच्या सहज पुढे जातं. त्यामुळे ओएनटी बाहेर लावायचंच असेल तर सावली ही पहिली अट, डबा ही दुसरी. आणि वायफाय असलेलं ओएनटी लोखंडी पेटीत ठेवून ‘रेंज येत नाही’ म्हणू नका.

*मीडिया कन्व्हर्टर.* हे जोडीने काम करतात. एक इकडे, एक तिकडे, मध्ये तुमची स्वतःची फायबर. ऑपरेटरच्या पॉनशी यांचं काही घेणंदेणं नाही. माझ्या घरापासून गोठ्यापर्यंत हेच आहे. इथे नवख्यांना हमखास फसवतं ते पेटीवर बारीक अक्षरात छापलेलं ‘१०/१००’. असलं कन्व्हर्टर १०० मेगाबिटच्या वर जात नाही. तुम्ही ३०० चा प्लॅन घ्याल आणि कॅमेऱ्यासकट सगळं ९४ वर अडकून बसेल. ‘१०/१००/१०००’ लिहिलेलंच घ्या. दोन्हींच्या किमतीत फरक आहे, पण रडण्याइतका नाही.

*बाहेरसाठीच बनवलेलं फायबर-ते-लॅन कन्व्हर्टर.* मायक्रोटिकचं एफटीसी हे याचं ओळखीचं उदाहरण. पावसाळी कवच, एका बाजूला एसएफपी, म्हणजे फायबरचं मॉड्यूल खोचायची जागा, दुसऱ्या बाजूला गिगाबिट लॅन. युबिक्विटीचं एफ-पीओई टॉवरवरच्या वायरलेस नेटच्या रेडिओसाठी बनवलेलं आहे. खालून फायबर आणि डीसी वीज वर न्यायची आणि वर रेडिओला पीओईसकट, म्हणजे त्याच वायरमधून विजेसकट, लॅन द्यायची, असा त्याचा हिशोब. ही यंत्रं बाहेर टिकतात. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एसएफपी मॉड्यूल बहुधा वेगळं घ्यावं लागतं. पॉनची वायर यांत थेट लावून काही होत नाही. आणि तालुक्याच्या गावी यातलं काही बिघडलं तर कुरियरची वाट बघण्यापलीकडे इलाज नसतो.

माझं मत विचाराल तर, छपराखालची जागा मिळत असेल तर साधं गिगाबिट कन्व्हर्टर आणि चांगला डबा. खांबावर उघड्यावर लावायचं असेल तर तिसरी जात. मधला मार्ग, म्हणजे साधं कन्व्हर्टर उघड्या खांबावर स्वस्त डब्यात, हा मी करून बसलोय.

४. जोडी जुळवताना

एका काचेवरून जाणं-येणं दोन्ही होतं, कारण दोन टोकं वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश पाठवतात. एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतं आणि १५५० वर ऐकतं, दुसरं बरोबर उलट. कन्व्हर्टरवर हे ‘ए’ आणि ‘बी’ असं लिहिलेलं असतं. दोन्ही ‘ए’ घेतले तर दोघंही बोलत राहतात, ऐकत कुणीच नाही. ऑनलाइन घेताना ‘जोडी’ असं स्पष्ट लिहिलेलंच मागवा, आणि आल्यावर टेबलावर एक मीटरच्या पॅचकॉर्डने, म्हणजे दोन्ही टोकांना कनेक्टर असलेल्या तुकड्याने, जोडून बघा. मगच शिडी काढा.

दुसरी गंमत किलोमीटरची. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, हे ८० किलोमीटरवालं घ्या, जास्त ताकद.’ ९० मीटरला ८० किलोमीटरची ताकद म्हणजे कानाशी लाउडस्पीकर. पलीकडचा रिसीव्हर दिपून जातो, कधीकधी कायमचा. घराच्या आवारात २० किलोमीटरवाली साधी जोडी पुरते.

आता हिरवा-निळा. हिरवा एससी-एपीसी, ज्याचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं. निळा एससी-यूपीसी, ज्याचं टोक सरळ. प्लॅस्टिकचा आकार सारखाच, त्यामुळे एकमेकांत आरामात बसतात, पण आत काचेला काच नीट टेकत नाही आणि प्रकाश वाया जातो. पॉनच्या कामात हिरवा जास्त दिसतो. मीडिया कन्व्हर्टरचं तोंड मात्र सहसा निळं असतं. बसवायला आलेला पोरगा ‘चालतंय की’ म्हणून हिरवा खोचून जातो, दिवाही लागतो, आणि मग पहिल्या जोराच्या पावसात, आधीच काठावर असलेली लिंक तुटते. एका टोकाला हिरवा, दुसऱ्याला निळा अशी पॅचकॉर्ड मिळते. ती घ्या.

५. डबा

यावर मी सर्वांत जास्त शिकलो, म्हणून इथे जरा थांबतो.

‘आयपी ६५’ मधला ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही, ५ म्हणजे कुठूनही पाण्याची चिळकांडी मारली तरी आत शिरणार नाही. ६६ मध्ये जोराची चिळकांडी, ६७ मध्ये एक मीटर पाण्यात अर्धा तास. वाचायला छान वाटतं. पण ही चाचणी कारखान्यातून आलेल्या अख्ख्या डब्याची असते. तुम्ही त्याला ड्रिलने पहिलं भोक पाडलंत की पुढचा आकडा तुमच्या हातचा.

माझ्या डब्यात पाणी झाकणातून आलंच नव्हतं. वायर भिंतीवरून उतरत सरळ डब्याच्या डोक्यात शिरत होती, आणि पाणी वायरचं बोट धरून आत. म्हणून नियम एकच: सगळ्या वायरी डब्यात खालून घ्यायच्या, आणि आत शिरण्याआधी प्रत्येक वायरला वीतभर झोल द्यायचा. थेंब झोलाच्या तळाशी येऊन गळून पडतो. फुकटचा उपाय आहे आणि निम्मं काम हाच करतो.

दुसऱ्या वर्षी केबलवाला पोरगा म्हणाला, “काका, सगळीकडून सिलिकॉन मारा, पाण्याच्या बापाला आत जाता येणार नाही.” मारलं. ऑगस्टमध्ये पुन्हा आत पाणी. दुपारी ऊन पडलं की डबा तापतो, आतली हवा फुगून फटीतून बाहेर जाते. संध्याकाळी सर आली की तो गार होतो आणि त्याच फटीतून दमट हवा आत ओढतो. थेंब थेंब आत साठत जातं आणि सिलिकॉनमुळे बाहेर पडायला वाट नसते. सिलिका जेलच्या पुड्या दापोलीच्या हवेत थोड्याच दिवसांत ओल्या होऊन बसतात, त्यांच्या भरवशावर राहू नका. डब्याच्या तळाला ४-५ मिलिमीटरचं एक भोक ठेवायचं आणि आतून बारीक स्टीलची जाळी चिकटवायची. जाळी नसेल तर मुंग्या येतात, आणि त्यांच्यामागून पाली. कुंभारीण माशी तर मातीने भोकच लिंपून टाकते. ते वर्षातून दोनदा उकरायचं.

वायर ज्यातून आत जाते त्या ग्लँडची एक अडचण कुणी सांगत नाही. पीजी-९ ग्लँड ४ ते ८ मिलिमीटरची गोल वायर घट्ट धरते. बाहेरची लॅन वायर त्यात बसते, पण आरजे-४५ चा प्लग जात नाही. म्हणजे वायर आधी आत ओवायची, प्लग नंतर क्रिम्प करायचा. आणि फायबरची ड्रॉप वायर असते चपटी. गोल रबरात चपटी वायर म्हणजे दोन्ही बाजूंनी फट. तिच्याभोवती ब्युटिल टेपचे, म्हणजे चिकट रबरी टेपचे, दोन वेढे देऊन गोल करायचं, मग ग्लँड आवळायचा.

बाकी थोडक्यात: रंग फिका, जागा पागोळ्यांच्या आत आणि शक्यतो उत्तर किंवा पूर्व भिंतीवर, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. समुद्र जवळ असेल तर साधे स्क्रू एका पावसाळ्यात असे गंजतात की झाकण उघडायला छिन्नी लागते. आणि डबा यंत्राच्या दुप्पट मोठा घ्या. फायबरला वळायला जागा लागते, यंत्राला हवा.

६. लाईटची सोय

फायबरमधून डेटा येतो, करंट येत नाही. बाहेरच्या यंत्राला जेवायला कुठून घालणार हे डबा घेण्याआधी ठरवा. नाहीतर माझ्यासारखं शेवटी २३० व्होल्टची वायर आगरातून ओढावी लागते आणि पोफळीला शिपणं करताना रोज जीव मुठीत धरावा लागतो.

चांगला मार्ग पीओईचा. ८०२.३एएफ या मानकात पुरवणाऱ्या बाजूने १५.४ वॉटपर्यंत, ८०२.३एटीमध्ये ३० वॉटपर्यंत वीज लॅन वायरमधूनच जाते. कन्व्हर्टर पाच-सहा वॉटचं गिऱ्हाईक, त्याला एएफ भरपूर. कन्व्हर्टरला पीओईचं तोंड नसेल तर स्प्लिटर मिळतो, जो वायरमधून वीज वेगळी काढून ५ किंवा १२ व्होल्टची पिन देतो. पिन आणि व्होल्टेज दोन्ही जुळतात का ते बघा. ५ व्होल्टच्या कन्व्हर्टरला १२ ची पिन बसते आणि मग एकदाच वास येतो.

पैसे वाचवायला अनेक जण १२ व्होल्टचा साधा अडॅप्टर लॅन वायरच्या मोकळ्या तारांना जोडून लांब पाठवतात. हिशोब करा. कॅट-६ लॅन वायरच्या दोन तारा जाताना आणि दोन येताना वापरल्या, तर १०० मीटरला येऊन-जाऊन सात-आठ ओहम रोध. अर्धा अँपिअर ओढला की तीन-चार व्होल्ट वाटेतच संपतात. १२ चे जेमतेम साडेआठ पोहोचतात आणि कन्व्हर्टर दर पाच मिनिटांनी झोपतो-उठतो. तोच सहा वॉटचा भार ४८ व्होल्टवर पाठवला तर करंट इतका कमी की एखादाच व्होल्ट गळतो. पीओईत ४८ च्या आसपास व्होल्टेज ठेवतात ते म्हणूनच.

वायर घेताना ‘शुद्ध तांबं’ लिहिलेली घ्या. ‘सीसीए’ म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. पीओईला ती नको. ओळखायची सोपी खूण: तार नखाने किंवा ब्लेडने खरवडा, आत पांढरी चकाकली तर परत करा.

आणि बॅकअप. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाईट यायला कित्येक आठवडे लागले. तेवढ्यासाठी कोणी तयारी करू शकत नाही. पण रोजच्या तासा-दोन तासांसाठी राउटरचा छोटा डीसी यूपीएस उत्तम. एक घरच्या ओएनटीला आणि एक तिकडच्या टोकाला, दोन्हीकडे लागतो, नाहीतर साखळी तुटतेच. इन्व्हर्टर असेल तर पीओई इंजेक्टर, म्हणजे लॅन वायरमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर, त्याच्या सॉकेटवर लावा.

७. आकाशातली वीज

मराठीत लाईटला आणि हिला एकच नाव आहे, वीज, पण हिचा हिशोब वेगळा. घर आणि गोठा यांच्यामध्ये मी सुरुवातीला सरळ लॅन वायर टाकली होती. ९० मीटर, म्हणजे १०० मीटरच्या मर्यादेत, सगळं नियमात. मे महिन्याच्या अखेरीस वळिवाचा पहिला गडगडाट. वीज आमच्या आवारात पडलीसुद्धा नाही, पलीकडे कुठेतरी पडली. तरी राउटरचा लॅन पोर्ट आणि गोठ्यातला स्विच, दोन्ही गेले. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की त्यांच्यात क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो, आणि त्या दोघांना जोडणारी तांब्याची तार म्हणजे तुमची लॅन.

तेव्हापासून दोन इमारतींच्या मध्ये फक्त काच. इमारतीच्या आत काय ती लॅन. बाहेरच्या यंत्राला पीओई देणं भागच असेल तर ज्या इमारतीला ते टांगलंय तिथूनच द्या, आणि आत शिरण्याच्या जागी अर्थ केलेलं सर्ज प्रोटेक्टर लावा. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर म्हणजे नुसता ताईत.

ड्रॉप वायर घेताना हेही बघा: काहींच्या आत काचेला आधार म्हणून स्टीलच्या तारा असतात, काहींत फायबरग्लासच्या काड्या, ज्याला एफआरपी म्हणतात. खांबावरून लटकवायच्या वायरला बाजूने एक जाड तार असते, ती ओढ सोसायला. ती जाड तार घराच्या बाहेरच हुकाला बांधून कापायची, डब्याच्या आत न्यायची नाही. शक्य तिथे एफआरपीवालीच मागा.

८. काच आणि तिचे जोड

पॉवर डीबीएममध्ये मोजतात आणि आकडा उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका प्रकाश जास्त. तीन डीबी कमी झाले की प्रकाश निम्मा. जीपॉनच्या नेहमीच्या ओएनटीला साधारण उणे ८ ते उणे २७ या दरम्यान पॉवर लागते. केबलवाले ‘मायनस बावीस येतेय’ म्हणतात, ते ठीक. ‘मायनस सव्वीस’ म्हणाले तर आज नेट चालेल, पण गणपतीत पाहुणे आले की बंद पडेल. पुन्हा जोडायला लावा.

जोड दोन प्रकारचे. मशीनवर वितळवून केलेला स्प्लाइस, ज्यात नुकसान अगदी नगण्य. आणि हाताने दाबून बसवलेला फास्ट कनेक्टर, ज्यात तीन ते पाच दशांश डीबी जातात, नीट बसला तर. बाहेरच्या ओल्या डब्यात फास्ट कनेक्टर हा माझ्या लेखी उधारीचा माल. स्प्लाइसचे थोडे जास्त पैसे द्या.

वळण बघा. घरात वापरतात ती जी.६५७ए१ जातीची काच १० मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळते, ए२ साडेसात मिलिमीटरपर्यंत. जुनी जी.६५२डी ३० मिलिमीटरच्या खाली वळवू नये. खिडकीच्या चौकटीत चेमटलेली किंवा खिळ्याने दाबलेली वायर बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून प्रकाश गाळते.

आगरातून जाताना ही वायर वरून न्यायची की खालून? वरून नेली तर माकडं आणि माडाच्या झावळ्या, खालून नेली तर घूस आणि कुदळ. मी गडग्याच्या कडेने एचडीपीई पाइपात पुरली, पाइपाची तोंडं फोमने बंद केली, आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मीटरचं वेटोळं जास्तीचं ठेवलं. ते वेटोळं मला दोनदा उपयोगी पडलं.

९. सामान

- गिगाबिट कन्व्हर्टरची ए-बी जोडी, किंवा बाहेरचं कन्व्हर्टर आणि त्याला जुळणारी एसएफपी जोडी
- फिक्या रंगाचा आयपी ६५ किंवा वरचा डबा, ग्लँड, ब्युटिल टेप, स्टीलची बारीक जाळी
- एफआरपीवाली ड्रॉप वायर, मोजलेल्या अंतरापेक्षा दहा मीटर जास्त
- योग्य रंगाच्या पॅचकॉर्ड, त्यातली एक जादा
- पीओई इंजेक्टर, लागला तर स्प्लिटर, शुद्ध तांब्याची बाहेरची कॅट-६
- स्टेनलेसचे स्क्रू, क्रिम्पिंग टूल, मार्कर
- पेनसारखं फायबर क्लीनर. नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा कागद. शर्टाचं टोक नव्हे.

पॉवर मीटर स्वतःचा असलाच पाहिजे असं नाही. पण लाल लेझरचा पेन स्वस्त असतो आणि वायर कुठे तुटली ते अंधारात चटकन दाखवतो. तोच लाल प्रकाश कोणाच्याही डोळ्यांत जाऊ देऊ नका. चालू फायबरचं टोक तर मुळीच डोळ्यांसमोर धरायचं नाही, त्यातला प्रकाश दिसत नाही पण असतो. काच कापताना पडलेले केसाएवढे तुकडे चिकटपट्टीने टिपून घ्या. पडवीत पोरं अनवाणी फिरतात.

१०. बसवायच्या दिवशी

पावसाआधी, मे महिन्यात करा. जूनमध्ये टेक्निशियन फोन उचलत नाही आणि तुमची शिडी घसरते.

सगळी साखळी आधी घरात टेबलावर जोडा आणि वेग तपासा. इथे नेट नीट चालत नसेल तर भिंतीवर गेल्यावर चालणार नाही. मग डबा रिकामाच टांगा, झाकण लावून त्यावर बागेच्या नळीने दहा मिनिटं पाणी मारा, आत बोट फिरवून बघा. कोरडा असेल तरच यंत्र आत ठेवा. यंत्र तळाला टेकू देऊ नका, मागच्या बाजूला उभं बांधा. पाणी आलंच तर तळाच्या भोकातून जाईल, पोर्टमध्ये नाही. कनेक्टरच्या टोप्या खोचायच्या क्षणापर्यंत काढू नका, आणि खोचण्याआधी टोक पुसा.

ऑपरेटरचा माणूस समोर असतानाच पॉवरचा आकडा त्याच्या मीटरवर बघून घ्या. लाल दिवा, ज्याला ते ‘लॉस’ म्हणतात, विझलेला हवा आणि पॉनचा हिरवा स्थिर हवा, लुकलुकता नव्हे. मग झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख, पॉवर, कन्व्हर्टरचं अक्षर आणि अडॅप्टरचं व्होल्टेज लिहा. आमच्या बेड्याजवळच्या जोडाच्या डब्यात ‘मे, -२१.४’ असं लिहिलंय. गेल्या सप्टेंबरात नेट गचके खायला लागलं तेव्हा नवीन आलेल्या पोराने झाकण उघडून ते वाचलं, मीटर लावला, उणे २५ आलं. कन्व्हर्टर बदलायची भाषा न करता तो सरळ रस्त्यावरच्या खांबाकडे चालायला लागला.